खाऱ्या विहिरीचे पाच संदर्भ

माणसाला प्रश्न पडणं ही निसर्गाची देणगी आहे. परंतु त्या प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्याला विचारून मोकळं होणं ही मागासलेपणाची खूण आहे. सुधारलेल्या देशांत कोणी शेजाऱ्याला काही विचारत नाही. (शेजाऱ्याचं नावच ठाऊक नसतं, त्यामुळे संशोधन आपोआप वाढतं.) आमच्या गावात मात्र अगदी परवापरवापर्यंत काजूचा मोहोर का गळला, बांगडा कधी लागणार, कोणत्या कुणग्यात कोणतं भात पेरावं, फार काय, मुलीसाठी आलेलं स्थळ कसं आहे, या सगळ्याची उत्तरं लोक तिठ्यावर बसलेल्या कोणालाही विचारून घेत. ती उत्तरं बरोबर निघत, ही तर त्याहून लाजिरवाणी गोष्ट होती.

गावाचं नाव देत नाही. नियमाप्रमाणे नाव दिल्यास गावाची लेखी संमती जोडावी लागते, आणि आमच्या गावाचं आजवर कोणत्याही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. तारकर्लीपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

तर या परिस्थितीत वरून 'माध्यमिक विद्यार्थी शोधवृत्ती संवर्धन कार्यक्रम' आला. त्याअन्वये प्रत्येक हायस्कूलला 'ज्ञानगलबत' नावाचा ग्रंथालयीन डेटाबेस उपलब्ध करून देण्यात आला. त्यात सतरा लाख संशोधन-लेख आहेत असं पत्रकात म्हटलं होतं. सतरा लाख हा आकडा ऐकून आमच्या मुख्याध्यापिका शर्मिला मॅडम खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या, कारण आमच्या ग्रंथालयात एकूण पुस्तकं सहाशे नऊ, आणि त्यांतली दोनशे वाळवीकडे आहेत.

आधीचं संशोधन कसं चालायचं हे सांगितल्याशिवाय या क्रांतीची किंमत कळणार नाही. मुलं मालवणच्या बाजारात जाऊन चित्रांचे तयार तक्ते आणत, कात्रीने कापत आणि पुठ्ठ्यावर चिकटवत. गेल्या अकरा वर्षांत आमच्या शाळेत 'पाणी' या विषयावर त्रेसष्ट प्रकल्प झाले. त्यांपैकी एकसष्टांचं पहिलं वाक्य 'पाणी म्हणजे जीवन' हे आहे. उरलेल्या दोनांचं ते शेवटचं आहे. त्रेसष्टही प्रकल्पांत विहिरीवर पाणी भरणारी एकच बाई असून तिने राजस्थानी घागरा घातलेला आहे. इतकी वर्षं ती आमच्या विहिरींवर पाणी भरते आहे, पण तिला कोणी घरी बोलावलेलं नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे, कारण कपाटाची किल्ली हरवली त्या वेळी मी जवळ उभा होतो. त्यामुळे डेटाबेसच्या प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या ठिकाणी मलाच धाडलं. प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, म्हणून डेटाबेस फळ्यावर खडूने काढून दाखवण्यात आला. सर्व तालुक्यांतून आलेल्या शिक्षकांत तो मी सर्वांत सुबक उतरवून घेतला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

प्रशिक्षणात संशोधनाच्या चार पायऱ्या सांगितल्या:

१. प्रश्नातला मुख्य शब्द निवडणे. (बाकीचा प्रश्न टाकून देणे.)
२. गाळणी लावणे. म्हणजे डाव्या बाजूच्या चौकोनांत खूण केली की नको असलेलं सारं गळून जातं आणि हवं तेवढंच उरतं.
३. सापडलेल्या लेखाचं नाव, लेखक, गाव, तारीख नीट उतरवणे.
४. असे किमान पाच संदर्भ जोडणे.

याशिवाय नियम क्रमांक नऊ आहे, तो महत्त्वाचा आहे. 'गावातील व्यक्तीचे म्हणणे हा संदर्भ समजण्यात येऊ नये.' माझ्या मते या एका नियमाने आमच्या गावातल्या सातशे चाळीस तज्ज्ञांना एका फटक्यात निवृत्त केलं.

कॉम्प्युटर बाबूशेठनी दिले. बाबूशेठ म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. समुद्राला लागून त्यांचं रिसॉर्ट आहे. तिथल्या काउंटरवर नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुने चार त्यांनी ज्ञानार्जनासाठी शाळेला अर्पण केले. (एकावर अजून पाहुण्यांनी खोली किती वाजता सोडायची ती वेळ झळकते. मुलं ती वेळ बघून डबा उघडतात.)

पहिला तास बुधवारी झाला. मी पडद्यावरचा रिकामा चौकोन दाखवला आणि म्हणालो, "यात तुमचा प्रश्न लिहा. याच्याकडे सगळ्याची उत्तरं आहेत."

आता चूक माझीच होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि सगळं ठाऊक असलेल्या कोणाला काही विचारायचं, तर ते कसं विचारावं हे आमच्याकडच्या पोरांना पाळण्यातच कळलेलं असतं. आधी गाऱ्हाणं घालायचं. नववीच्या समर्थने दोन्ही हात जोडले, मग एक मोकळा करून एका बोटाने टाइप करायला घेतलं आणि टाइप करता करता मोठ्याने म्हणू लागला, "बा ज्ञानगलबता म्हाराजा! आज ही नववीची लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सदतीस मुलं ओरडली.

"तेंचो जो काय प्रकल्प आसा, तो तू सांभाळून घे. कोणाचो वाकडो डोळो पडलो आसात, तर तो सीमेच्या भायर घाल. वायरीत काय अडला-नडला आसात, तर ता सोडय, आणि ह्या लेकरांका यश दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शर्मिला मॅडम धावत आल्या. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपल्या शोधाशी जुळणारे निकाल: शून्य.'

समर्थ हात खाली करत म्हणाला, "सर, पावलो नाय."

मग मी पायरी क्रमांक एक समजावली. 'बा' काढला, 'म्हाराजा' काढला, लेकरं काढली, वाकडा डोळा काढला. उरलं 'यश'. निकाल आले दोन लाख चौदा हजार. पहिला लेख टोमॅटोच्या एका वाणावर होता. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मुलांची प्रगती थक्क करणारी होती, आणि तिचं श्रेयही परंपरेलाच जातं. आमच्याकडे अडलेल्या कामात देवाला कौल लावतात. मूर्तीवर फुलांचे कळे लावायचे, प्रश्न विचारायचा; उजवीकडचा कळा पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. समर्थचा विषय होता 'मोबाईलवर खेळल्याने बुद्धी वाढते काय?' त्याने डेटाबेसला तेरा वेळा विचारलं आणि तेराही वेळा कौल डावा पडला. चौदाव्यांदा त्याने 'बुद्धी'ऐवजी 'अंगठा' लिहिलं. लगेच उजवा! परदेशातल्या कुठल्याशा शहरात अठरा माणसांच्या अंगठ्याची चपळाई वाढल्याचं सिद्ध झालं होतं. समर्थने अंगठ्याच्या जागी परत बुद्धी लिहिली आणि प्रकल्प पूर्ण केला.

इथे आमच्या देवात आणि डेटाबेसमध्ये काय फरक आहे तो माझ्या ध्यानात आला. देव मानी आहे. तीनदा डावा कौल दिल्यावर तो चौथ्यांदा ढिम्म हलत नाही. मग गुरवाची काय बिशाद. डेटाबेस बिचारा भिडस्त आहे. गोड बोलून, शब्द बदलून विचारत राहिलं की कधी ना कधी तो उजवा पडतोच. वर्षाअखेर मी आकडेवारी काढली. अडतीस विद्यार्थ्यांपैकी छत्तीसांना संशोधनाअंती तेच उत्तर मिळालं, जे संशोधनाआधी त्यांच्याकडे होतं. एक विद्यार्थी कांजिण्यांमुळे गैरहजर होता. आणि एक रसिका होती.

रसिकाचं प्रकरण नीट सांगतो, कारण तिच्यामुळे कार्यक्रमाच्या मूळ हेतूलाच धक्का बसायची वेळ आली.

तिच्या घरची विहीर गेल्या शिमग्यापासून खारी झाली. डाळ शिजेना, तुळस करपली. तिची आई सावित्री काजूच्या कारखान्यात कामाला जाते, वडील मुंबईला. आता सावित्री सकाळी देवळामागच्या विहिरीवरून चार खेपा आणते, रसिका दोन, आणि मग रसिका धापा टाकत प्रार्थनेच्या मध्यात शाळेत शिरते. मी स्वतः हजेरीपटावर तिच्या नावापुढे एकाहत्तर वेळा 'उशिरा' असा शेरा मारला आहे. (अक्षर सुंदर आहे.)

तिने ऐकलं होतं की जिल्ह्यात पहिला आलेला प्रकल्प बघायला अधिकारी जागेवर येतात, आणि विषय पाण्याचा असला तर भूजलवाले यंत्रं घेऊन येतात. तेवढंच तिला हवं होतं. तिला पहिलं यायची हौस नव्हती. कोणीतरी यंत्र घेऊन यावं आणि आपल्या विहिरीत सोडावं, एवढीच तिची इच्छा. संशोधनामागे इतका हलका हेतू असावा याचं मला वाईट वाटलं, पण विषय मी नोंदवून घेतला: 'आमच्या विहिरीचं पाणी खारट का झालं?'

डेटाबेसने तिला डेन्मार्कचं एक बेट दिलं, अमेरिकेतला एक किनारा दिला, बांगलादेशातली खाडी दिली, आणि उंटाच्या तहानेवर एक लेख दिला. मी म्हणालो, "झाले चार. आणखी एक बघ आणि पुठ्ठ्यावर चिकटव."

तिने ते वाचले.

हे अभूतपूर्व होतं. प्रशिक्षणात लेख वाचण्याविषयी काहीच सांगितलेलं नव्हतं. तीन बुधवार ती शब्दकोश मांडीवर घेऊन बसली आणि चौथ्या बुधवारी मला म्हणाली, "सर, उंट सोडलो तर सगळे एकच सांगतत. काठार पाणी जास्त उपसला काय समुद्र भितर सरकता."

मग तिने नियम क्रमांक नऊचा सरळ भंग केला. ती धोंडूकडे गेली. धोंडू हा आमच्या वाडीतल्या विहिरींचा गाळ काढणारा म्हातारा. चाळीस वर्षांत तो प्रत्येक विहिरीत उतरला आहे. काही विहिरींना तो मालकापेक्षा जास्त ओळखतो. तो विहिरीच्या कठड्यावर बसून म्हणाला, "गोडा पाणी हलका, गो. ता वर तरंगता. खारा जड, ता खाली वाट बघत बसता. वरचा उपसलास काय खालचा म्हणता, 'सर बाजूक, मी येतंय.'"

रसिका मला म्हणाली, "सर, ज्ञानगलबतात पण ह्याच लिवला आसा. पण थंय समजाक तीन बुधवार गेले."

दोघांनी मिळून वाडीतल्या तेवीस विहिरींचं पाणी चाखलं. धोंडूने मोजमापाची पट्टीही तयार केली. तिच्या चार पायऱ्या होत्या: गोडा, मचूळ, खारा, आणि 'शिरा पडो'. (चौथी पायरी ठरवून केलेली नव्हती; ती आमच्याकडची शिवी आहे. सावित्रीच्या विहिरीचा घोट घेतल्यावर त्याच्या तोंडून जे निघालं, ते रसिकाने प्रामाणिकपणे लिहून घेतलं.) मग तिने वाडीचा नकाशा काढला आणि विहिरींना रंग दिले. चित्रकलेचा शिक्षक म्हणून सांगतो, नकाशा देखणा होता. लाल ठिपके गोल बसले होते, आणि त्या गोलाच्या बरोब्बर मध्यभागी बाबूशेठचं रिसॉर्ट होतं: तीन बोअर आणि निळ्या लाद्यांचा पोहण्याचा तलाव, दोन्ही गेल्या वर्षीचे. रचनेच्या दृष्टीने मध्य थोडा डावीकडे सरकवावा, अशी मी सूचना केली. ती तिने मानली नाही.

प्रकल्प शाळा समितीपुढे गेला. समितीचं कामकाज शुद्ध मराठीत चालतं. अध्यक्षस्थानी बाबूशेठ होते.

"सदर प्रकल्पात धोंडू या व्यक्तीचा संदर्भ दिलेला आहे," बाबूशेठ म्हणाले. "सदर व्यक्ती गावातील आहे."

धोंडू रसिकाबरोबर सभेला आलेला होताच. त्याला संदर्भ करून घेता येईल का, याचा मी सहानुभूतीने विचार केला. त्यासाठी एक अर्ज असतो. मी तो त्याच्यापुढे ठेवला. प्रकाशित लेखांची संख्या: नाही. संशोधक क्रमांक: नाही. संलग्न संस्था या रकान्यात धोंडूने 'बाव' असं सांगितलं. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. परंतु ती मान्यताप्राप्त नाही.

धोंडू म्हणाला, "सायबांनू, माजो अर्ज कित्याक व्हयो? बाव खंय पळान गेली नाय. चला, चाखून बघा."

समितीने चाखण्यास नकार दिला. चव ही व्यक्तिनिष्ठ बाब आहे आणि एकमेकांच्या चवीचा आदर राखावा, असं ठरलं.

इतक्यात चहा आला. तो सावित्रीने पाठवला होता, घरच्या विहिरीच्या पाण्याचा. रसिकाने पाच कप समितीपुढे ठेवले, आणि पुढची पाच मिनिटं माझ्या नोकरीतली सर्वांत संस्मरणीय होती. पहिल्या घोटाला बाबूशेठच्या दोन्ही भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. एक सभासद खिडकीबाहेर बघत गिळायचा प्रयत्न करत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही खारंच असणार. शर्मिला मॅडमनी कप ओठाला लावून तसाच धरून ठेवला, फोटो काढताना धरतात तसा. दूध फाटलं होतं, पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. चहा खारट आहे असं म्हणावं, तर त्याला संदर्भ कुठे होता? शिवाय चाखण्याला नकार देण्याचा ठराव नुकताच मंजूर झालेला. समितीने चहा संपवला. इतिवृत्तात मी 'चहापान झाले. चहा उत्तम होता.' अशी नोंद घेतली. त्यावर सर्वांच्या सह्या आहेत.

नंतर निर्णय झाला. प्रकल्प मंजूर, पण खारटपणाचं कारण गावाच्या सीमेबाहेरचं असावं. रसिकाने डेटाबेसला पुन्हा विचारावं, आणि कारण किमान हिंदी महासागराच्या पलीकडे जाईपर्यंत विचारत राहावं. थोडक्यात, उजवा कौल पडेपर्यंत.

रसिका जागची हलली नाही. "आणि बोअर?" तिने विचारलं.

यावर बाबूशेठची शुद्ध मराठी सुटली. चहाचाही परिणाम असेल. "गो बाय माझे, माका हौस आसा काय पाणी उपसूची? त्या तलावात मी एकदा तरी पाय बुडवलंय? पाव्हणे मागतत! तलाव नाय तर खोली नको, म्हणतत. माझ्यावर खापर कित्या फोडतस?"

"पाव्हणे मागतत," रसिकाने वहीत लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "ह्याका संदर्भ आसा?"

नियम तो नियम. बाबूशेठही गावातलेच होते.

"मोबाईलार बघ!" बाबूशेठ म्हणाले. "सगळा लिवलेला आसा. नावगावासकट!"

ते खरं बोलत होते. पुढच्या बुधवारी रसिका त्या खोली सोडायची वेळ दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर बसली आणि ज्ञानगलबत बंद करून, लोक फिरायला जाताना जिथे खोल्या शोधतात, ती जागा तिने उघडली. मी शिकवलेल्या चारही पायऱ्या तिने क्रमाने पाळल्या. मुख्य शब्द घेतला: समुद्र. गाळणी लावली: पोहण्याचा तलाव. बाबूशेठचं रिसॉर्ट सगळ्यात वर आलं. पाहुण्यांना खोल्या देणारी, पण तलाव नसलेली आमच्या गावातली चौदा घरं गळून गेली, जशी ती कधी नव्हतीच.

मग तिने गाळणी काढली आणि गावातल्या सगळ्या खोल्यांवरचे पाहुण्यांचे अभिप्राय वाचले. एकूण चारशे बारा. मी काही नमुने देतो.

'समुद्र छान आहे, पण खारट आहे. तलाव असता तर बरं झालं असतं. तीन तारे.' पुण्याहून आलेलं एक कुटुंब.

'समुद्रात लाटा खूप होत्या. मालकांना सांगूनही काही फरक पडला नाही.' ठाणे.

'तलावात बसून समुद्र फार सुंदर दिसतो. पाच तारे!' नाशिक.

'किनारा खोलीपासून चाळीस पावलं आहे. एवढं चालायचं तर सुट्टी कसली?' मुंबई, पश्चिम उपनगर.

आणि हा एक: 'दोन खोल्या, स्वच्छ. मालक चित्रकलेचे शिक्षक असून बोलतात फार. तलाव नाही. अडीच तारे.' हा माझ्याविषयी आहे. घरामागे मी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत हे आधी सांगायचं राहून गेलं, कारण त्याचा शिक्षणाशी संबंध नाही. बोलतात फार, याला मात्र त्या गृहस्थांनी संदर्भ दिलेला नाही.

रसिकाने तक्ता केला. कोणत्या महिन्यात किती जणांनी तलाव मागितला, त्यानंतर तलाव कधी खणला गेला, आणि त्यानंतर भोवतालची कोणती विहीर धोंडूच्या पट्टीवर किती पायऱ्या उतरली. तारे कमी झाल्यापासून विहीर खारी होईपर्यंत सरासरी चौदा महिने लागतात, असं निघालं. बाबूशेठनी तर पाण्याचा थेंबही हौसेने उपसला नव्हता. ते तलावातल्या प्रत्येक बादलीसाठी एक बाहेरगावचा माणूस दाखवू शकत होते.

समितीची दुसरी सभा बोलावली गेली. (चहा नको, असं आधीच कळवण्यात आलं.) आणि समितीला काही करताच येईना! संदर्भ पाच मागितले होते, तिने चारशे बारा जोडले होते. प्रत्येकाला नाव होतं, शहर होतं, तारीख होती. सर्व प्रकाशित. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यांतला एकही माणूस गावातला नव्हता. नियम क्रमांक नऊची इतकी कडक अंमलबजावणी जिल्ह्यात कोणी केली नसेल. आणि कारण गावाच्या सीमेबाहेरचं हवं होतं, ते सीमेबाहेरचंच निघालं. हिंदी महासागराच्या पलीकडे नाही गेलं, कात्रज घाटाच्या पलीकडे गेलं. बाबूशेठनी स्वतः सूचक म्हणून सही केली. निर्दोष सुटल्याच्या आनंदात त्यांनी रसिकाच्या पाठीवर थापही मारली.

'पाहुण्यांच्या अपेक्षा व आमच्या वाडीतील विहिरी' हा प्रकल्प जिल्ह्यात पहिला आला. मला खरंच भरून आलं. छत्तीस जणांनी कौल लावला असताना एका पोरीने वाचलं, मोजलं, आणि जिथे पोचायचं तिथे ती पोचली. मी तिच्याशी घट्ट हात मिळवला आणि त्या दिवशी हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'वेळेवर' असं लिहिलं, जरी ती उशिराच आली होती.

मे महिन्यात भूजलवाले आले. यंत्रं घेऊन आले. त्यांच्या उतरण्याची सोय कुठे करायची, हा प्रश्न त्यांनी आमच्यावर टाकला नाही. त्यांनी स्वतःच मोबाईलवर शोधून खोल्या घेतल्या होत्या. तपासणीच्या सकाळी ते सावित्रीच्या अंगणात आले तेव्हा तिघांचेही केस ओले होते आणि चेहरे टवटवीत होते.

यंत्र विहिरीत सोडलं. आकडा आला. यंत्राचा आकडा आणि धोंडूची 'शिरा पडो' यांत तफावत आढळली नाही, असं त्यांनी अहवालात नमूद केलं आहे. अर्थात धोंडूचं नाव न घेता. रसिका यंत्राकडे अशी बघत होती, जसं काही त्यातून गोडं पाणीच वर येणार आहे.

"उपसा थांबला तर दोन-तीन पावसाळ्यांत पाणी पूर्ववत गोडं होईल," साहेब म्हणाले. "शंभर टक्के."

"मगे थांबवा," सावित्री म्हणाली.

"बाई, उपसा मागणीमुळे होतो, हे तुमच्या मुलीनेच सिद्ध केलंय. अगदी उत्तम काम आहे. पण मागणी जिल्ह्याच्या बाहेर आहे. तिच्यावर आमचा अधिकार चालत नाही."

"मगे आमी काय करूचा, सायबांनू?"

"मागणी कमी होण्याची वाट बघायची."

सावित्री थोडा वेळ थांबली, खरोखरच वाट बघितल्यासारखी. मग तिने हंडा उचलला आणि पाचव्या खेपेला निघाली, कारण साहेबांना चहा द्यायचा होता आणि तो यावेळी चांगल्या पाण्याचा हवा होता.

मी हे सगळं लिहून काढतो आहे हे कळल्यावर रसिका माझ्याकडे आली. दहावीत गेली आहे आता. म्हणाली, "सर, तुमचा ह्या बाहेरगावची माणसां वाचतली मा? मगे तेंका माझ्या वतीन एकच विचारा. समुद्र चाळीस पावलांर आसा. तो तेंका पुरणा नाय काय?"

मी विचारतो म्हणून सांगितलं. पण नंतर शांतपणे विचार केला. इथपर्यंत वाचलंत, म्हणजे तुम्ही चोखंदळ वाचक. म्हणजे दिवाळीला नाहीतर मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे यायचा विचार तुमच्या मनात येणारच. येणाऱ्या पाहुण्याला असं तोंडावर विचारणं आमच्या रीतीत बसत नाही. शिवाय अडीच ताऱ्यांवर आणखी किती दिवस काढायचे?

तेव्हा प्रश्न मागे घेतो आणि निरोप तेवढा देतो. घरामागे काम सुरू केलं आहे. बोअरला परवाच पाणी लागलं, लाद्या निळ्याच घेतल्या आहेत, एप्रिलअखेर सगळं तयार होईल. खोली शोधताना डाव्या बाजूच्या चौकोनात नेहमीसारखी खूण करा. आमचं नाव आता गळणार नाही. समुद्राकडे चालत जायची तसदी घेऊ नका. तलावातलं पाणी गोडं असेल, ही जबाबदारी माझी.